हिरव्या माणसाची चाल

सिग्नलवर पादचाऱ्यांसाठी जो हिरवा माणूस उजळतो, तो किती वेळ उजळलेला राहणार हे कुठल्या तरी टेबलावर ठरलेलं असतं. हिशोब सोपा आहे. रस्त्याची रुंदी घ्यायची, तिला माणसाच्या चालण्याच्या वेगाने भागायचं आणि सुरुवातीचे काही सेकंद वर धरायचे. हा वेग अनेक देशांत वर्षानुवर्षं सेकंदाला १.२ मीटर धरला गेला. म्हणजे २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद. धडधाकट, मोकळ्या हाताने चालणाऱ्याला तेवढे पुरतात.

गुडघ्यांनी दगा दिलेल्या एखाद्या आजींचा वेग ०.८ मीटर धरा. त्यांना तोच रस्ता ३० सेकंदांचा होतो. विसावा सेकंद संपतो तेव्हा त्या १६ मीटरवर असतात. दुभाजक मागे पडलेला, पलीकडचा फुटपाथ अजून आठ मीटर लांब आणि दुचाकीवाल्यांनी पहिला गिअर टाकलेला. मागे फिरण्यात अर्थ नाही आणि धावणं तर शक्यच नाही. मग त्या एक हात गाड्यांच्या दिशेने उभा करतात आणि कोणाकडेही न बघता चालत राहतात. असा उभा केलेला हात आपल्या कुठल्याही मोठ्या चौकात दिसतो. मला तो बघवत नाही, कारण त्या हातात विनवणी असते आणि विनवणी करण्याचं काहीच कारण नसतं. रस्ता त्यांचाही आहे.

अशी माणसं थोडी असतात, हा समज खोटा आहे. इंग्लंडमधल्या वयस्कर लोकांच्या चालण्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या ७६ टक्के पुरुषांना आणि ८५ टक्के स्त्रियांना सेकंदाला १.२ मीटर हा वेग गाठता येत नव्हता. ज्या वयात माणूस गाडी चालवणं सोडून पायी फिरू लागतो, नेमक्या त्याच वयातला बहुसंख्य माणूस या हिशोबाबाहेर होता. अमेरिकेने २००९ साली आपला आकडा चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. सिंगापूरने त्याच वर्षी वेगळी वाट काढली. ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावायचं, की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे काही सेकंद वाढवून मिळतात. योजना चांगली आहे. तरी मला वाटतं, म्हातारपणाचा पुरावा खिशातून काढून दाखवावा लागू नये. मुळातला वेळच सावकाश चालणाऱ्याच्या पावलांनी मोजावा. लेकुरवाळी बाई, कुबड्या घेतलेला तरुण, पाठीवर ओझं असलेला हमाल यांच्याकडे कुठलं कार्ड असणार?

ज्यांना तो हिरवा माणूस दिसतच नाही, त्यांच्यासाठी तर ही सगळी यंत्रणा जवळजवळ नसल्यासारखीच आहे. अंध माणूस रस्ता कानाने ओलांडतो. आपल्या समांतर जाणारी वाहनं सुटल्याचा आवाज आला की समोरची थांबली असणार, हे त्याचं गणित. शिस्तीच्या चौकात ते जुळतं. आपल्याकडे लेफ्ट फ्री चालूच असतो, सिग्नल सुटायच्या आधी निम्मी वाहनं सुटतात आणि आता विजेवरच्या स्कूटर आवाज न करता अंगावर येतात. पांढरी काठी घेतलेला माणूस मग कोपऱ्यावर उभा राहून कोणीतरी हात धरण्याची वाट बघतो. हात धरणारे भेटतात, आपली माणसं चांगली आहेत. पण ज्या प्रौढ नागरिकाला रोज कामावर जाताना अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर विसंबावं लागतं, त्याला शहराने काय दिलं?

देता येण्यासारखं पुष्कळ आहे. बीप करणारे सिग्नल कित्येक शहरांत रुळले आहेत. त्यांत थांबायचं तेव्हा संथ आणि चालायचं तेव्हा जलद ठोका असतो, आणि आसपासच्या गोंगाटाप्रमाणे आवाज कमी-जास्त होतो, त्यामुळे रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली बोटभर शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो फिरू लागतो. तळहात खाली धरला की कळतं. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचाही तिथे विचार झाला आहे. आपल्या मेट्रो स्थानकांतल्या पिवळ्या उठावदार फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या. त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या १९६७ साली, ओकायामातल्या अंधशाळेजवळ, रस्ता ओलांडण्याच्या जागी.

आपला कायदाही मागे नव्हता. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्याच्या ४५व्या कलमात रस्त्यांवरच्या सिग्नलना ध्वनीची जोड द्यावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. सुरुवातीला मात्र एक अट होती, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. त्या मर्यादेत उड्डाणपूल बसले, बीप बसला नाही. २०१६च्या कायद्याने सुगम रस्त्यांचा हक्क पुन्हा सांगितला. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचेच हवेत. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि ही याचिका २००५ची आहे.

पण उद्या प्रत्येक चौकात बीप वाजू लागला, तरी सगळी जबाबदारी पालिकेवर टाकून आपण मोकळे होत नाही. सिग्नल तोडून येणारी दुचाकी डोळस पादचाऱ्याला दिसते आणि तो पाऊल मागे घेतो. अंध माणसाने त्या आवाजावर भरवसा ठेवून पाऊल टाकलेलं असतं. त्याला आम्ही ‘ये’ म्हणून बोलावलं आणि आम्हीच अंगावर गाडी घातली, असा याचा अर्थ होतो. हॉर्नचंही तेच. २०२० साली मुंबई पोलिसांचा काही सिग्नलवरचा प्रयोग गाजला होता. हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या कल्लोळात कोणाचा तरी रस्ताच पुसला जातो, हे हॉर्नवर अंगठा ठेवणाऱ्याच्या मनात कधी येतं का? २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

या आकड्यांत न दिसणारी माणसंही आहेत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, बाग रस्त्यापलीकडे, म्हणून गच्चीतच फेऱ्या मारणारे आजोबा. भाजी आणायला सुनेची वाट बघणाऱ्या आजी. चौकात पादचाऱ्यांची मोजणी होते ती ओलांडणाऱ्यांची. ज्यांनी ओलांडणंच सोडून दिलं, ते मोजले जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सेकंदही वाढत नाहीत. पुढच्या वेळी वाहतूक विभागाची माणसं वही घेऊन चौकात उभी राहतील, तेव्हा त्यांतल्या एकाला शेजारच्या सोसायट्यांमध्ये आणि चाळींमध्ये पाठवा. पलीकडे एकट्याने शेवटचं कधी गेलात, हे घरोघरी विचारा आणि त्या उत्तरांवरून सिग्नलची वेळ लावा.