जॅकी शेनचं मौन

१९६५ साली नॅशव्हिलच्या ‘नाइट ट्रेन’ या टीव्ही कार्यक्रमात पारलिंगी सोल गायिका जॅकी शेन ‘वॉकिंग द डॉग’ गायली. ती कृष्णधवल फीत आज कुणालाही पाहता येते. डोळ्यांना ठळक मेकअप, चेहऱ्यावर पुरता आत्मविश्वास, आणि मागे वाजणाऱ्या बँडच्या किंचित मागून येणारा निवांत आवाज. जॅकी लय हातातून सुटू देत नाही आणि तिच्यामागे धावतही नाही.

१९४० साली टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये, वर्णभेदाच्या कायद्यांखाली, एका कृष्णवर्णीय घरात तिचा जन्म झाला. आपण मुलगी आहोत हे तिला तेराव्या वर्षीच उमगलं होतं, असं ती पुढे सांगत असे. एका फिरत्या जत्रेबरोबर ती कॅनडात पोचली, दोन ट्रम्पेट एकाच वेळी वाजवणाऱ्या फ्रँक मोटलीच्या बँडमध्ये शिरली आणि टोरंटोच्या यंग स्ट्रीटवरच्या क्लबांत गाऊ लागली. समलैंगिक संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता. कायदा बदलायला १९६९ उजाडलं. वृत्तपत्रं तिला पुरुषच समजत. कुणी थेट विचारलं तर ती उत्तर टाळी.

विल्यम बेलचं ‘एनी अदर वे’ तिच्या आवाजात १९६३ साली टोरंटोच्या ‘चम’ रेडिओच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बेलच्या तोंडी तो दुखावलेल्या प्रियकराचा मानी निरोप होता: तिला सांग, मी मजेत आहे. जॅकीनं शब्द जवळपास तेच ठेवले, पण निरोप पाठवणारं माणूसच बदललं, आणि आपल्या जगण्याबद्दल जराही खंत नसलेल्या माणसाचं ते निवेदन झालं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, बाकीचे नुसते नाचले. गाणं लिहिणाराच त्याचा कर्ता, असं आपण सहज धरून चालतो; मला ते इथे पटत नाही. १९६७ च्या सफायर टॅव्हर्नमधल्या ध्वनिमुद्रणात तर ती गाणं मध्येच थांबवते आणि कीर्तनकार अभंगावर निरूपण करतो तशी बोलत राहते. दुसऱ्यावर आपली मर्जी लादू नका, मग हवं तसं जगा, सोवळं इथे कुणीच नाही, हा त्या बोलण्याचा गाभा. ते संपूर्ण तिचं स्वतःचं आहे.

एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं तिनं नाकारलं, कारण मेकअप उतरवून पुरुषी वेशात येण्याची अट होती. त्या एका रात्रीत सगळी अमेरिका तिला ओळखू लागली असती. मला या नकाराचं मोल तिच्या कुठल्याही तबकडीहून कमी वाटत नाही.

१९७१ साली ती टोरंटो सोडून आईजवळ राहायला गेली आणि मंचावरून उतरली ती उतरलीच. ती मेली, तिचा खून झाला, अशा वावड्या उठल्या.

आजच्या पारलिंगी गायिकेला मात्र असं गप्प राहून चालत नाही; गाण्याआधी स्वतःची कहाणी द्यावी लागते: जुने फोटो, शस्त्रक्रियेची चौकशी, घरच्यांचा विरोध, आणि रोज मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नवा खुलासा. या उघडपणानं कितीतरी एकट्या पोरांना धीर दिला आहे, हे मी मनापासून मानते. तरीही खुलासा ही सक्ती झाली की गाणं त्याचं परिशिष्ट होऊन बसतं. जॅकीनं आपलं रूप लपवलं नाही आणि त्याचा हिशेबही कुणाला दिला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे तिच्याकडे पाहून कळतं. तिच्या मौनाला भीती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. रोज रात्री त्याच वेशात भर गर्दीसमोर उभं राहणारं माणूस भित्रं नव्हतं.

२०१७ साली न्यूमेरो ग्रुप या ध्वनिमुद्रिका कंपनीनं तिची गाणी ‘एनी अदर वे’ या नावानं एकत्र काढली, तेव्हा ती स्वतः फोनवर बोलली, स्त्री म्हणून, मोकळेपणानं. संग्रहाला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या घरी तिचं निधन झालं. तिच्याविषयी लिहिताना मधली चार दशकं ‘नाहीशी’ म्हणून टाकून देतात. त्या वर्षांतली बरीचशी आईच्या सहवासात गेली, आणि तिच्या चरित्रात मला ती यंग स्ट्रीटच्या रात्रींइतकीच जागा घेताना पाहायची आहेत.