पांढऱ्या पिसांचा कावळा (गीता ५.१८)



पितृपंधरवडा चालू आहे, म्हणून रोज सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर पोळीचा घास ठेवतो. तीन दिवसांपूर्वी त्यावर एक वेगळाच कावळा आला. मान नेहमीसारखी राखाडी, पण डाव्या पंखात चार-पाच पिसं पांढरीशुभ्र आणि छातीवर पांढरा डाग. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एका काकांनी अपशकुन ठरवला, एका काकूंनी साक्षात पितर. कावळा आहे, असं कोणीच म्हणालं नाही.

हा अल्बिनो नाही. अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयारच होत नाही, डोळेसुद्धा गुलाबी-लाल दिसतात. याचे डोळे काळेभोर आहेत. ल्युसिझममध्ये पिल्लू अंड्यात वाढत असताना रंगपेशी काही पिसांपर्यंत पोचतच नाहीत, तेवढी पिसं कोरी राहतात. खरकट्यावर जगणाऱ्या शहरी पक्ष्यांत पोषण कमी पडल्यानेही पिसं पांढरी येतात, आणि जुनी झडून नवी आली की कधीकधी रंग परततो. मेलॅनिनमुळे पिसाला बळकटी असते, म्हणून पांढरं पीस लवकर झिजतं. याच्या पिसांच्या कडा फाटल्यात, झूम करून पाहिलं.

आता श्लोक. विद्या-विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाज गावाबाहेर ठेवतो तो माणूस, या सगळ्यांत ज्ञानी माणूस सारखंच तत्त्व पाहतो. मला नेहमी वाटायचं, इथे फरक विसरायला सांगितलंय. पण भगवंत तर एकेकाचं नाव घेऊन फरक समोर मांडतात! रंग दिसू नये असं ते म्हणत नाहीत. समदर्शी शब्दात 'पाहणं' आहे. आधी नीट पाहायचं, मग तरीही सारखं पाहायचं. हे दुसरं फार अवघड आहे आणि ते मला कसं जमलं नाही, ते आज सांगतो.

पाचवा अध्याय मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होता. पाठांतर स्पर्धेत बक्षीसही मिळालं. त्याच वर्षी घरी सत्यनारायण होता आणि प्रसादाचा शिरा आत्या वाटत होती. आत्याच्या हातांवर कोड आहे. मी द्रोण घेतला, आत गेलो आणि खिडकीत ठेवून दिला. कावळ्यांनी खाल्ला. वळलो तर दारात आत्या उभी होती. काही बोलली नाही, पुढच्या पाहुण्यांना वाढायला गेली.

कोड संसर्गाने पसरत नाही, हे पुढे कळलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते, इतकंच. म्हणजे माहिती केव्हाच अपडेट झाली होती. तरी गेल्या वर्षी आत्याने लाडू पुढे केला तेव्हा माझा हात क्षणभर थबकला. नजर जुन्याच व्हर्जनवर! श्लोक पाठ, विज्ञान पाठ, आणि हात थबकतोय. (हा क्षण तिलाही दिसला असणार. अशा माणसांना दिसतोच, आयुष्यभराचा सराव असतो.)

आज सकाळी बाकीच्या कावळ्यांनी त्याला दोनदा हुसकावलं. तो पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि सगळे उडाल्यावर परत आला. घास उचलताना माझ्याकडे एक डोळा रोखून पाहिलं, कुठलाही कावळा पाहतो तसंच.

मग आत्याला फोन केला. कावळ्याचं सांगितलं, तिला मजा वाटली. शिऱ्याचं मात्र तोंडून निघेना. शेवटी एवढंच म्हणालो, "आत्या, रविवारी येतोय. शिरा करशील? तुझ्या हातचा."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "ये की. केळं घालून करते. आणि या वेळी माझ्यासमोर बसून खा."