यात गाणं कुठंय?

टेक्नो ऐकणाऱ्याला हा प्रश्न ठरलेला. मिनिटाला १३० ठोके, शब्द नाहीत, गळा नाही. तरी मजा येते, कारण ठेका हलत नाही म्हणूनच त्यावरचा बारीक बदल कानाला मोठा वाटतो. चरणजित सिंगांनी १९८२मध्ये रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, तेही असंच. (रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही, २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कौतुक झालं.)

'ही नुसती गुंगी,' असं म्हणतात. मग भजन? तिथेही एकच गजर तासभर चालतो. पण तिथे स्वतःला विसरायचं ते विठ्ठलासाठी. इथे मी कुणासाठी विसरतो? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते खुपतं. तरी गर्दीत शेजारचा अनोळखी माणूस माझ्याच ठोक्यावर मान हलवत असतो, तेवढा वेळ त्याचं आडनाव विचारावंसं वाटत नाही.