बर्फाच्या वाटेने

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत, क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे, नोकरी बर्गेनच्या संग्रहालयात. मज्जासंस्थेवरच्या संशोधनासाठी १८८८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. आधीचे प्रवासी वस्तीच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरत आणि अडचण आली की मागे वळत. नान्सेन जवळजवळ ओसाड अशा पूर्व किनाऱ्यावर उतरले. अन्न, ऊब, माणसे, सगळे पुढे होते, त्यामुळे माघारीचा मोहच उरला नाही. या धाडसामागे हिशेबही होता: एकाच दिशेचे अंतर कापायचे, म्हणजे शिधा कमी लागणार.

पुढची कल्पना याहून विलक्षण. १८८१ मध्ये जीनेट हे अमेरिकी जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडले होते आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले. हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी त्यावरून अनुमान काढले, की ध्रुवसमुद्रातले बर्फ एका जागी थांबत नाही, ते वाहते. मग, नान्सेन यांना वाटले, आपले जहाज त्यात मुद्दाम गोठवून घेतले तर ते वाहत ध्रुवापर्यंत जाणार नाही का? अनेक अनुभवी ध्रुवप्रवाशांनी हा बेत वेडगळ ठरवला.

कॉलिन आर्चर यांनी या बेतासाठी फ्राम हे जहाज बांधले. सुमारे ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद. त्याच्या बाजू इतक्या गोलाकार होत्या, की दाब आला की बर्फाला पकड मिळू नये आणि जहाज वर उचलले जावे. उघड्या समुद्रात ते भयंकर हेलकावे खाई, पण बर्फात ते अजिंक्य ठरले. सुकाणू आणि पंखा वर ओढून घेता येत. विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की होती. जून १८९३ मध्ये १३ माणसे निघाली आणि सप्टेंबरात फ्राम गोठले.

प्रवाह मंद आणि लहरी निघाला, जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे स्पष्ट झाले. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन २८ कुत्री, तीन स्लेज आणि दोन कायाक घेऊन चालत निघाले. ८६ अंश १४ कलांपर्यंत, म्हणजे तोवर कोणीच गेले नव्हते इतक्या उत्तरेला पोचून ते वळले. वाटेत दोघांचीही घड्याळे बंद पडली आणि रेखांश काढण्याचा आधार डळमळला. फ्रान्स जोसेफ बेटांवर दगडांची, वॉलरसच्या कातड्याचे छप्पर असलेली झोपडी करून त्यांनी अस्वलाच्या मांसावर हिवाळा काढला. जून १८९६ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज संशोधकाची अवचित गाठ पडली आणि दोघे वाचले. ऑटो स्वेरड्रुप यांच्या हाती सोपवलेले फ्रामही ऑगस्टात बर्फातून सुखरूप सुटले.

ध्रुव हुकला, तरी या मोहिमेची खरी कमाई समुद्राच्या पोटात होती. ध्रुवसमुद्र उथळ असावा असा समज होता. बरोबरची दोरी तळाला पुरेना, म्हणून खलाशांनी जहाजावरचा पोलादी दोर उलगडून नवी दोरी केली. खोली ३,००० मीटरांहून अधिक भरली. वरच्या गार पाण्याखाली अटलांटिकचे उबदार पाणी सापडले. बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकते, हेही नान्सेन यांनी टिपले आणि कारण पृथ्वीच्या परिवलनात शोधले. त्याचे गणित पुढे वाल्फ्रिड एकमान यांनी मांडले. आजचे समुद्रविज्ञान या नोंदींचे ऋणी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने युद्धकैद्यांना घरी पोचवण्याचे काम नान्सेन यांच्यावर सोपवले; चार लाखांहून अधिक माणसे परतली. देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये त्यांच्या नावाचे ओळखपत्र, नान्सेन पासपोर्ट, सुरू झाले. ज्याच्या बाजूने कोणतेच सरकार उभे नाही अशा माणसाला सीमा ओलांडता यावी, ही त्यामागची साधी आणि मोठी गोष्ट होती. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. रशियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी आणि आर्मेनियनांसाठीही ते झटले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. निर्वासितांसाठी त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयालाही १९३८ मध्ये तेच पारितोषिक मिळाले.