मेघंकर आणि मार्सियस : वध्याच्या नावाचा प्रश्न

दैवतकथेत जय देवाचा होतो. भूगोलात मात्र नाव पुष्कळदा वध्याचे उरते. पैनगंगेकाठचे मेहकर हे याचे उदाहरण होय. विष्णूने शार्ङ्गधररूपाने मेघंकर दैत्याचा वध केला, असे स्थलकथा सांगते. १८८८ मध्ये येथे सापडलेली भव्य विष्णुमूर्ती शार्ङ्गधराचे नाव धारण करते. गावाने मात्र दैत्याचे नाव घेतले. जवळच्या लोणारलाही हाच प्रकार दिसतो : मंदिर दैत्यसूदनाचे, नाव लवणासुराचे.

ग्रीक पुराणकथेतील मार्सियस हा असाच गौण पुरुष. अथीनाने टाकलेला पावा उचलून त्याने अपोलोला आव्हान दिले. तो हरला आणि जिवंतपणी सोलला गेला. फ्रिजियातील एका नदीला त्याचे नाव मिळाले. पण त्याला नावापलीकडचेही काही लाभले. ओव्हिडने त्याला मरणसमयी बोलू दिले, टिशियनने त्याची यातना रंगविली, विसाव्या शतकात हेर्बेर्ट या पोलिश कवीने त्याची किंकाळी पुन्हा ऐकली. अपराध आणि शिक्षा यांतील विषमता वाचकाच्या न्यायबुद्धीला स्वस्थ बसू देत नाही. मार्सियसच्या दीर्घ लोकप्रियतेचे मर्म येथे आहे.

मेघंकराला असा उद्गार नाही. तो कथेत येतो तो वधापुरताच. मग गावाला लाभलेले त्याचे नाव हा पराभूताला मिळालेला न्याय, की जेत्याने मिरविलेले विजयचिन्ह? ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीराव फुल्यांनी बळीची कथा उलटवून वाचली, परंतु बळीचे दातृत्व आणि त्याची झालेली वंचना पारंपरिक कथेतच होती. त्या वाचनाला संहितेत आधार होता. मेघंकराच्या तोंडी आज एखादे भाषण घालणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा आपल्या कामास लावणे होय.

प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. मत्स्यपुराणातील तीर्थांच्या यादीत हे नाव तीर्थाचे म्हणून येते. तेथे शार्ङ्गधर आहे, दैत्यवध नाही. नाव आधीचे आणि दैत्य त्याच्या स्पष्टीकरणासाठी मागाहून कल्पिलेला, अशी शक्यता त्यातून उद्भवते. तसे असल्यास कोणाची हत्याच झाली नाही, म्हणून नैतिक प्रश्नही उरत नाही, असे म्हणता येईल काय? येत नाही. ‘मेघ करणारा’ या अर्थातून पावसाची कथा सहज निपजली असती. लोकमानसाने वधाची निवडली. उत्तरदायित्व देवाकडून कथनकर्त्याकडे सरकते, एवढेच. आपल्या भूमीचे पावित्र्य सिद्ध करण्यास समाजाला एक वध्य का लागावा, हा खरा प्रश्न आहे.

मार्सियसची किंकाळी ऐकणे तुलनेने सोपे आहे, कारण ती लिहिली गेली आहे. मेघंकराचे मौन मौन म्हणूनच वाचणे अधिक अवघड. पराभूताच्या वतीने बोलू पाहणाऱ्या समीक्षेने हा संयम प्रथम शिकावयास हवा.