घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेली असते. घर बांधायला निघालेल्या माणसाला ती हमखास ऐकवली जाते आणि तिचा अर्थ खर्चाशी, दगदगीशी जोडला जातो. आम्हीही तो तसाच घेतला होता. आज आमच्या घराला काही वर्षे झाली. मागे वळून पाहताना वाटते, की म्हणीतल्या ‘पाहावे’ या शब्दाकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नव्हते. घर बांधताना माणसाला सिमेंट, रेती, लोखंड यांची पारख येते, आणि त्याबरोबर स्वतःचीही ओळख होते. ही दुसरी ओळख फारशी सुखाची नसते.

वसईतील आमचे जुने घर मंगलोरी कौलांचे होते. पुढे ओटी, बाजूला पडवी, मागे विहीर. 1990 साली येथे नियोजनासाठी सिडको आली, 2009 साली महानगरपालिका झाली, आणि या दरम्यान गावोगावची कौले उतरून स्लॅब चढत गेले. आमच्या घराचे वासे वाळवीने पोखरले, तेव्हा 2016 च्या उन्हाळ्यात आम्हीही तोच निर्णय घेतला. ठेकेदाराशी करार झाला : माल आमचा, मजुरी त्याची, देखरेख आमची. ‘देखरेख मालकाची’ या दोन शब्दांत केवढे ओझे सामावले आहे, याची सही करताना आम्हांला कल्पना नव्हती.

पहिले काही महिने आम्ही विद्यार्थी होतो. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला साधारण 25 लिटर पाणी पुरते. कालवण सैल व्हावे म्हणून बादलीभर जास्त पाणी ओतले, तर काम सोपे होते पण काँक्रीट कमजोर होते, हे आम्ही शिकलो. खाडीच्या तोंडची खारट रेती लोखंड खाते, हे शिकलो. सळईखाली ठोकळे ठेवून तिला काँक्रीटचे पुरेसे आवरण दिले नाही, तर समुद्रावरची दमट हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते, हेही शिकलो. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात आणि निदान पहिला आठवडा तरी ते सतत ओले राहिले पाहिजे, हे कळल्यावर विहिरीचा पंप आमच्या घड्याळाचा भाग झाला. या शिकण्यात एक अभिमान होता. आता आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असे वाटू लागले होते. आपणच कोणाला फसवू, ही शक्यता मनात आली नव्हती.

22 ऑक्टोबर 2016, शनिवार. दिवाळीला मजूर गावी जाण्यापूर्वी स्लॅब उरकायचा होता. सुमारे 90 पोती सिमेंट, सकाळपासून मिक्सरची घरघर, डोक्यावर घमेली घेतलेली माणसांची रांग. दुपारी चारच्या सुमारास, तुळयांचा शेवटचा भाग भरायचा राहिला असताना, व्हायब्रेटर बंद पडला. ओले काँक्रीट सळयांच्या दाटीत नीट बसावे, आतली हवा निघून जावी, यासाठी ते यंत्र लागते. मुकादमाने खाली येऊन विचारले, “शेठ, दुसरा मशीन भाड्याने आणू का? दोन तास जातील.” आकाशात ढग होते, अंधार पडण्याची भीती होती आणि भाडे आमच्या खिशातून जायचे होते. आम्ही म्हणालो, “सळईने ठोकून घ्या, चालेल.” ठेकेदार बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही.

7 नोव्हेंबरला फळ्या काढल्या, तेव्हा एका तुळईच्या पोटाशी काँक्रीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र दिसले. दोन ठिकाणी सळई उघडी होती. इंजिनिअरने हातोडीने ठोकून पाहिले आणि सांगितले, की कच्चा भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत काढून पुन्हा भरावा लागेल. घर पडणार नाही, पण हे असेच ठेवले तर काही वर्षांत लोखंड गंजेल. आमचा संताप अनावर झाला. स्लॅबनंतर ठेकेदाराला द्यायचा हप्ता आम्ही रोखून धरला. काम वाईट झाले, तर पैसे कसले? शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही हेच म्हटले. न्याय आमच्या बाजूने होता, निदान तसा दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी, 8 नोव्हेंबरच्या रात्री, 500 आणि 1,000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. बँकेतून आठवड्याला सुरुवातीला 20,000 आणि नंतर 24,000 रुपये मिळू लागले. ठेकेदार म्हणाला, “हप्ता नाही, तर मजुरी कोठून देऊ?” आम्ही म्हणालो, “आमच्याकडे रोकड कोठे आहे?” हे उत्तर अर्धे खरे होते. आठवड्याचे पैसे आम्ही रांगेत उभे राहून काढले होते आणि पुढे काय होईल या भीतीने कपाटात ठेवले होते. वीटकाम मात्र चालूच होते. 12 तारखेच्या शनिवारी मजुरी झाली नाही. 19 तारखेच्या शनिवारीही झाली नाही. 26 तारखेला आम्ही ठेकेदाराशी तडजोड केली आणि मुकादमाच्या हातून सर्वांची मजुरी चुकती केली. सर्वांची, एक सोडून. तलासरीकडून आलेला एक तरुण बिगारी 19 तारखेला रिकाम्या हाताने गेला, तो परत आला नाही. त्याचे 11 दिवसांचे, रोजी 450 रुपयांप्रमाणे, 4,950 रुपये आमच्याकडे राहिले.

ही हकिगत सांगण्याचे कारण तिच्यातून उभा राहणारा प्रश्न आहे. आम्ही नेमके कोणाचे अपराधी? आणि अपराधी आहोत तरी काय?

आमच्या बचावाची बाजू कच्ची नाही. मजुरांशी आमचा करार नव्हता. तो ठेकेदाराचा होता. कापड विकत घेणारा विणकराच्या मजुरीची चौकशी करीत नाही. शिवाय मालकाने पैसे कधीच रोखायचे नाहीत असे ठरले, तर वाईट कामाला आळा कसा बसणार? मालकाच्या हाती तेवढे एकच तर शस्त्र असते. तिसरी गोष्ट, आम्ही बांधकामातले जाणकार नव्हतो. ‘चालेल’ हे आम्ही अज्ञानातून म्हटले. जाणकार माणूस बाजूला उभा होता, त्याने आम्हांला थांबवायला हवे होते.

यांतील शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. अज्ञानाने माणसाचा दोष कमी होतो, हे खरे. पण मुकादमाने आम्हांला प्रश्न विचारला होता. यंत्राची गरज नसती, तर तो दोन तास वाया घालवायला का तयार झाला असता? आम्हांला कारण ठाऊक नव्हते; कारण विचारण्याची संधी मात्र समोर होती. ती आम्ही पावसाच्या आणि भाड्याच्या हिशेबात गमावली. ज्या अज्ञानाची आपल्याला सोय असते, ते निर्दोष अज्ञान म्हणता येत नाही. ठेकेदार गप्प राहिला हा त्याचा दोष आहे आणि तो त्याच्या पदरी राहील. पण त्याच्या दोषाने आमचा दोष फिटत नाही. आणि त्याहून कटू सत्य हे, की ज्या कामासाठी आम्ही हप्ता रोखला, ते काम आमच्याच आज्ञेने बिघडले होते.

कापडाचे उदाहरणही येथे लागू पडत नाही. विणकराचा चेहरा आपण पाहिलेला नसतो. या माणसांना आम्ही सहा महिने पाहत होतो, चहा देत होतो, ‘ही वीट काढ, ती लाव’ असे सांगत होतो. कामाच्या वेळी आज्ञा देणारे मालक आणि मजुरीच्या दिवशी त्रयस्थ, अशा दोन भूमिका एकाच माणसाला सोयीनुसार घेता येत नाहीत.

कायद्याकडे पाहिले, तर तो घर बांधणाऱ्या सामान्य माणसाशी सौम्यपणे वागत आला आहे. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली झालेल्या कायद्यात, 10 लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर बांधणाऱ्याला वगळले होते. संसदेने 2020 साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत ही मर्यादा 50 लाखांवर गेली. सवलतीमागचा हेतू समजण्याजोगा आहे : आयुष्याची पुंजी एका घरात घालणाऱ्या कुटुंबाला मोठ्या बिल्डरच्या पंक्तीला कसे बसवायचे? पण तलासरीच्या तरुणाच्या दृष्टीने पाहावे. तो इमारतीवर घमेले वाहतो की आमच्या घरावर, त्याच्या मानेवरचे ओझे तेवढेच असते. कायदा मागे सरतो, तेथे त्याला एकट्या आमच्या सद्सद्विवेकाचा आधार उरतो. आमचे काम 10 लाखांच्या वरचे होते, म्हणजे त्या काळी आम्ही कायद्याच्या कक्षेतही होतो. तरी मजुरांची मंडळाकडे नोंदणी आहे का, असे आम्ही एकदाही विचारले नाही.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात नव्या घराविषयी एक छोटा नियम आहे. घर बांधणाऱ्याने छपराला कठडा करावा. कोणी वरून पडला, तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येऊ नये. सपाट छपरावर लोक बसत, झोपत, त्या काळचा हा साधा व्यावहारिक नियम. लक्षात घेण्यासारखे हे, की नियमाचा रोख गवंड्याकडे नाही, घर बांधून घेणाऱ्याकडे आहे. त्याला बांधकाम कळते का, हेही नियम विचारीत नाही. ‘हे घर माझे’ असे जो म्हणतो, त्यानेच त्या घरामुळे होणाऱ्या इजेचे उत्तर द्यायचे. मालकी आणि उत्तरदायित्व एकाच दारातून घरात येतात. पुढे दोनच अध्यायांनंतर, त्याच पुस्तकात, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. एके काळी आम्हांला हे दोन नियम वेगवेगळे वाटत. आता ते एकच वाटतात. कठडा न बांधल्याने माणूस छपरावरून पडतो. मजुरी थांबली की तो वेगळ्या प्रकारे पडतो, आणि ते पडणे आपल्याला दिसत नाही.

मग पैसे रोखण्याचा मालकाचा हक्क संपला काय? आमच्या मते नाही. चूक रोखण्यात नव्हती; कोणाचे रोखतो आहोत, हे न पाहण्यात होती. हप्त्यात दोन वेगळ्या रकमा मिसळलेल्या असतात : ठेकेदाराचा मोबदला आणि मजुरांची रोजी. पहिली रक्कम कामाच्या गुणावर अवलंबून ठेवणे न्याय्य आहे, दुसरी ओलीस धरणे न्याय्य नाही. म्हणून घर बांधू पाहणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे आहे, की करारातच या दोन रकमा वेगळ्या लिहाव्यात. मजुरी दर शनिवारी आपल्या डोळ्यांसमोर वाटली जावी. कामाच्या हमीसाठी ठेवायची रक्कम ठेकेदाराच्या हिश्श्यातून राखावी आणि ती किती, हे आधी ठरवावे. प्रत्येक मजुराचे पूर्ण नाव आणि गाव आपल्या वहीत असावे. आणि स्लॅबच्या दिवशी इंजिनिअर जागेवर असावा, तसेच जोडीला दुसरा व्हायब्रेटर. या सर्वांचा खर्च आमच्या तुळईच्या दुरुस्तीहून कमी आला असता.

गच्चीचा कठडा आम्ही फरशीच्या आधी बांधून घेतला. घराला आशीर्वाद देण्यासाठी फादर आले, त्या दिवशी मजुरांनाही जेवायला बोलावले होते. मुकादम आला, बाकीचे दुसऱ्या कामावर पांगले होते. तलासरीच्या तरुणाचा पत्ता त्यालाही सांगता आला नाही. त्याच्या वहीत फक्त पाळण्यातले नाव होते, आणि त्या नावाची माणसे त्या भागात पुष्कळ. पुढे दोनदा निरोप धाडले, उपयोग झाला नाही.

ती रक्कम गरिबांसाठीच्या पेटीत टाकावी, असे एका स्नेह्याने सुचवले. सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण आम्हांला ती पटली नाही. दान हे आपल्या मालकीच्या पैशाचे होते. हे 4,950 रुपये आमचे नाहीत. ते एका विशिष्ट माणसाच्या अकरा दिवसांच्या घामाचे आहेत, आणि दुसऱ्याला दान देऊन त्याचे ऋण फिटत नाही. कदाचित ते कधीच फिटणार नाही. म्हणून रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवली आहे आणि त्यावर तारखा लिहून ठेवल्या आहेत. मुले विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, की आपले घर बांधून पूर्ण झाले आहे, पण त्याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही.