कांदळवन मोजले, खार विसरलो

कोणताही मोठा प्रकल्प आला की एक आश्वासन ठरलेले असते: इथे जितकी हिरवाई जाईल, तिच्या कित्येक पट दुसरीकडे लावून देऊ. रायगडच्या खाडीकाठावर हे आश्वासन ऐकले की मला संताप येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या नियोजित शहराला लोक ‘तिसरी मुंबई’ म्हणू लागले आहेत. हमरापूर, जोहे, दादर, रावे हा पेणचा पट्टा आता या वाढीच्या तोंडाशी आहे. इथली परिसंस्था ज्या गोष्टींवर जगते, त्यातली एकही रोपांच्या हिशेबात बसत नाही.

हमरापूर-जोह्याचे गणपती कारखाने महाराष्ट्राला माहीत आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून जून २०२५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या निमित्ताने इथल्या मूर्तिकारांना एकच गोष्ट विचारली गेली: तुमची मूर्ती ज्या पाण्यात जाईल, त्या पाण्याचे काय होईल? प्रश्न रास्तच आहे. मग तोच प्रश्न त्यांच्या शेजारी येऊ घातलेल्या शहरालाही विचारला पाहिजे. तुझा भराव कोणाचे पाणी अडवील? तुझे सांडपाणी कोणत्या खाडीत उतरेल? शहराला मात्र आपण रोपांची संख्या विचारतो आणि ती मिळाली की गप्प बसतो. निसर्गरक्षणाची आपली कल्पना इतकी आक्रसली कशी, हे समजून घ्यायला हवे.

या कल्पनेचा सुरुवातीचा प्रवास परिचित आहे. हॉवर्डचे उद्याननगर, पॅट्रिक गेडेस यांची मुंबई विद्यापीठातील वर्षे, निसर्गाला धरून नियोजन सांगणारे मॅकहार्ग यांचे १९६९ चे पुस्तक, हे नगररचनेच्या पहिल्या धड्यातच येते. माझ्या दृष्टीने यात मोलाचा आहे तो निसर्ग-विचारवंत आल्डो लिओपोल्डचा विचार. जमिनीचे आरोग्य म्हणजे स्वतःला पुन्हा सावरण्याची तिची ताकद, असे तो मानत असे. आपल्याकडे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि त्याविरुद्धच्या आंदोलनात १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. १९९१ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. इथपर्यंत फारसा वाद नाही.

पण या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, लिओपोल्डला अभिप्रेत असलेले आरोग्य रोज राखले जात होते. भरतीचे पाणी अडवायला बाहेरचा मातीचा बांध असतो आणि त्यात उघाडी असते. भरतीच्या रेट्याने तिची झडप मिटते, ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडते. पावसाळ्यात शेतातले मीठ धुऊन निघते आणि रत्यासारखा, क्षार सोसणारा भात उभा राहतो. तळ्यांत जिताडा मासा वाढतो. बांधाबाहेर कांदळ लाटांचा जोर मोडतो, त्याच्याही पुढे चिखलपाटीवर पक्षी चरतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यात बांध घालणाऱ्या शिलोत्रदाराला जमिनीचा हक्क मिळे आणि बांध राखण्याची जबाबदारीही त्याच्यावर येई. १९४८ आणि १९७९ च्या खार जमीन कायद्यांनी ही जबाबदारी हळूहळू शासनाकडे आली. माणसाचा हात, भरती आणि नदी या तिघांच्या रोजच्या व्यवहारावर ही परिसंस्था उभी होती. यातला एक जरी मागे सरला तरी सगळेच बिघडते.

आता ज्या वळणाचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो, त्याकडे येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठची कांदळवने बुजवल्याची किंमत मुंबईला कळली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली, त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम थांबवले आणि शासकीय जमिनीवरची कांदळवने वन विभागाकडे देण्याचे आदेश दिले. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने या संरक्षणाला घटनेच्या अनुच्छेद २१ चा आधार दिला.

पर्यावरणवाद्यांनी यात खाडी वाचल्याचा विजय पाहिला. विकासकांनी आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी अडथळा पाहिला. दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली: कांदळवन म्हणजे खाडी. न्यायालयाचा दोष मला दिसत नाही. त्याच्यासमोर कुऱ्हाड आणि भरावाचे डंपर होते, त्याने ते थांबवले आणि ते अत्यावश्यकच होते. चूक त्यानंतर आपल्या सगळ्यांची झाली. उपग्रहाच्या चित्रात हिरवे दिसते ते मोजायला सोपे, म्हणून तेच आरोग्याचे माप झाले.

हे माप किती फसवे आहे, हे पेणमध्येच दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्राचे कांदळवन क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१ मध्ये ३२४. आकडा जवळजवळ पावणेदोन पट झाला. संरक्षणाचे श्रेय त्यात आहेच. पण खारेपाटात हिंडणाऱ्याला त्याची दुसरी बाजूही माहीत असते. उधाणाने बांधाला खांड पडते, दुरुस्ती वेळेवर होत नाही, खारे पाणी शेतात शिरते, भात संपतो आणि काही वर्षांत त्याच शेतात कांदळ उगवते. मग ती जमीन संरक्षित ठरते आणि शेतकऱ्याला आपल्याच शेताचा बांध पुन्हा घालणे अवघड होते. नारवेल-बेनवल्याची खारबंदिस्ती वर्षानुवर्षे गाजते आहे ती याच दुखण्यामुळे. शेत बुडाले, कुटुंब उठले, आकडा मात्र वाढला. उलट बाजूने, फ्लेमिंगो ज्या चिखलपाटीवर चरतात तिथे कांदळ लावले तरी आकडा वाढतोच आणि पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण जाते.

कायद्याने उरलेली दारेही मिटली. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत भातशेती आणि मिठागरे पाणथळ ठरू शकतात. २००८ मध्ये चांगवॉनच्या रामसर परिषदेने भातशेतांच्या पाणथळ मूल्यावर स्वतंत्र ठराव केला. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती, मिठागरे, मत्स्यपालनाची आणि सिंचनाची मानवनिर्मित तळी व्याख्येतून वगळली. म्हणजे खारशेत पाणथळ नाही, वन नाही आणि त्यावर कांदळही नाही. आराखड्याच्या नकाशावर ते फक्त सपाट, रिकामे, बांधण्याजोगे क्षेत्र उरते. शंभर हेक्टर खारशेतात फूटभर पाणी उभे राहिले तर ते सुमारे तीन लाख घनमीटर होते. तिथे भराव पडला की तेवढे पाणी शेजारच्या गावात शिरते. भरपाईचे कोणतेही रोप हे पाणी पोटात घेत नाही.

हिरवाईचा आकडाच माप झाला, म्हणूनच भरपाईची भाषा इतक्या सहज रुजली. वस्तू मोजता येते, म्हणून ती बदलूनही देता येते. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली आणि बदल्यात इतरत्र कांदळवन लावण्या-राखण्याच्या अटी घातल्या. नदी, टेकडी आणि गाव यांचा एकमेकांशी असलेला संबंध दुसरीकडे लावता येत नाही.

या इतिहासात मला एक तारीख मानाने लिहायची आहे: २१ सप्टेंबर २००८. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमिनी द्यायच्या का, यावर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमत घेतले गेले आणि शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यांच्यामागे उभे होते. या लढ्याची नोंद जमिनीचा लढा म्हणून होते, पर्यावरणाच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. पण धरणाचे पाणी आमच्या शेताला द्या, जमीन कसती राहू द्या, ही मागणी म्हणजे परिसंस्थेची सावरण्याची ताकद राखण्याचीच मागणी होती. त्या नकाराने जेवढा खुला पाणीसाठा वाचवला, तेवढा एखाद्या वृक्षारोपण योजनेने वाचवला असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते, तर पेणमधल्याच वाशी-वढावच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही विसरू नये.

शहरे वाढणार, हे मी मान्य करतो. पेणच्या तरुणांना रोजगार हवा आहे आणि हमरापूरच्या कारखानदारांना चांगले रस्ते हवे आहेत. पण आराखडा मंजूर होण्याआधी काही गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात. प्रत्येक खारबंदिस्ती, उघाडी, तळे आणि नाला ग्रामसभेसमोर नकाशावर उतरवावा. खारशेताला पाणथळ म्हणून कायदेशीर ओळख मिळावी आणि त्यावरचा भराव बंद व्हावा. बांधांच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च नव्या शहराच्या अंदाजपत्रकात असावा, कारण पुरापासून बचावणार ते शहरच. शेत पाण्यासाठी मोकळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या सेवेचा मोबदला दरवर्षी मिळावा. बांध फुटल्यामुळे उगवलेले कांदळ आणि मूळचे कांदळवन यांत भेद करून, गावाच्या संमतीने निर्णय घेण्याची वाट न्यायालयाकडे रीतसर मागावी. एवढे करायची तयारी नसेल, तर त्या शहराला पर्यावरणपूरक म्हणवून घेण्याचा हक्क नाही, मग त्याने कितीही रोपे लावलेली असोत.